चार नंबरचा पंप

वादळाच्या दिवशी दुपारी मी दुरुस्तीला आलेल्या लियाव मिस्त्रींसाठी भाताचा डबा घेऊन पंपघरात गेले. आमचं गाव समुद्राहून खाली खचलेलं. पावसाचं पाणी पंपांनीच बाहेर फेकावं लागतं. ते पंप चालवणं माझं काम, आणि त्या दिवशी ते सारखे बंद पडत होते.

मोटारी फिरवणारे ड्राइव्ह एकाच तारेवर असतात. पॅनेल एकेकाला नंबरानं हाक मारतं. उत्तर आलं नाही की मोटार थांबते. आमच्या बोलीत 'चार' आणि 'मरण' यांचा उच्चार सारखाच, म्हणून आमचे नंबर एक, दोन, तीन आणि पाच.

"मिस्त्री, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. रस्ता बुडालाय, मला घरी जाता येत नाही."

"रडू नका वहिनी, इथे आधीच ओल कमी नाही," ते म्हणाले, पण हसले नाहीत. "तारेवर कोणीतरी मध्येच बोलतंय. त्यात बाकीच्यांचं ऐकू येत नाही."

त्यांनी एकेक ड्राइव्ह तारेवरून सोडवला. शेवटचाही सोडवला. बाहेर अंधारून आलं होतं. चिखलाचा वास आत शिरला. तारेवर आता एकही ड्राइव्ह नव्हता, तरी पॅनेलवर ओळ उमटली... चार, तयार.

"त्याला हाक मारू नका ना..."

"मी मारत नाहीये, वहिनी... तोच मारतोय."

तेवढ्यात घरून फोन आला. "सूनबाई, पाणी खाटेवर आलं गं," सासूबाई हळूच म्हणाल्या. मग फोन तुटला.

"चारला चालू करा," मी म्हणाले.

"आपल्यात असं करत नाहीत."

मी स्वतःच बटण दाबलं. मिस्त्रींनी बाकीचे ड्राइव्ह जोडले. सगळ्यांनी एकेक करून उत्तर दिलं आणि जमीन हादरवत पंप सुरू झाले.

पाणी ओसरल्यावर मी घरी धावले. भिंतीवरची ओली रेघ खाटेच्या वीतभर वर होती. सासूबाई झोपल्या होत्या, गोधडी कोरडी. मी कपाळाला हात लावला, तर चालू मोटारीवर हात ठेवल्यासारखी बारीक थरथर लागली.

त्यानंतर बाकीचे पंप बंद केले, तरी चार किती वीज ओढतो, तो भार पॅनेलवर दिसतच राहिला. सावकाश चढायचा, सावकाश उतरायचा.

"पाण्याचा भार असा नसतो," मिस्त्री म्हणायचे. "ती तार कापू द्या मला."

मी त्यांना रोज जेवू घालायची आणि विषय उद्यावर ढकलायची.

आज मी सासूबाईंना पेज भरवत होते. त्यांनी घास गिळला नाही. डोळे मिटूनच म्हणाल्या, "लियावला सांग... तारेवरून हात काढ म्हणावं."

मी पंपघरात फोन लावला. तो उचलला गेला, पण मिस्त्री बोलले नाहीत. पलीकडून सासूबाईंचा श्वास ऐकू येत होता, सावकाश, नेहमीसारखा.

माझ्याजवळच्या खाटेवर मात्र काहीच आवाज नव्हता.