घंटा वाजवू नये

कागद मागच्या दाराच्या फटीतून आत सरकवला होता. शिलाईवालीने तो उचलला, वाचला, मुलीला शाळेच्या वर्गातून अर्ध्यावर उठवून घेतलं आणि थेट पोलीस ठाणं गाठलं.

तिथल्या फौजदार बाईंना सगळे पाठीमागे चौकशीबाई म्हणत. प्रश्न विचारायला लागल्या की समोरच्याला नको नको करून सोडत. पण तो कागद त्यांनीही दोनदा वाचला.

छापील चार ओळी होत्या. 'तुझ्या चपलेचं माप पाच. मुलीला दम्याचा पंप लागतो. मागच्या दाराने यावे, घंटा वाजवू नये. तयारीत राहा, पुढच्या आठवड्यात न्यायला येतोय.'

"कोणाचा हा?"

"नवऱ्याचा. शेवटी शेवटी त्याने माझा हात मोडला होता. दोन वर्षं झाली पळून येऊन. शहर बदललं, नंबर बदलला, कुठे एक फोटो टाकला नाही."

"काय काम करतो?"

"पाणी शुद्ध करायची यंत्रं विकतो. कंपनी नंबरांच्या याद्या देते, हा दिवसभर फोन करत बसतो."

"तुमचा पत्ता कोणाला माहीत आहे?"

"फक्त दादाला. आईलाही सांगितला नाही, तिच्या पोटात काही राहत नाही." तिने मुलीला जवळ ओढलं. "दादानेच सांगितलं असणार, मॅडम. दुसरं आहे कोण?"

नवऱ्यापासून ती पुन्हा पळाली असती. पण सख्खा भाऊच फितूर असेल तर लेकराला घेऊन जायचं कोणाच्या भरवशावर? त्या विचारानेच ती जास्त घाबरली होती. बाईंनी मायलेकींना त्याच दिवशी पोलीस वसाहतीतल्या एका खोलीत हलवलं.

भाऊ बस दुरुस्त करणारा मिस्त्री होता. हात पुसत आला.

"मेहुण्याला भेटलात?"

"भेटलो असतो तर आज तुमच्या कोठडीत असतो."

"बहिणीकडे शेवटचे कधी गेलात?"

"महिना झाला. नेहमीसारखी जिन्यातून वर जाऊन घंटा वाजवली."

"मागच्या दाराने का नाही?"

"त्या घराला मागचं दार आहे?"

"बहिणीच्या चपलेचं माप काय?"

तो बघतच राहिला. "मला माझंच धड माहीत नाही, मॅडम."

इतका बावळट चेहरा खोटारड्याला जमत नाही, असं बाईंचं मत होतं. पण मत म्हणजे पुरावा नव्हे.

मग त्या आईकडे गेल्या.

"लेकीशी बोलणं होतं?"

"छे हो, संबंधच नाही," म्हातारी धडधडीत खोटं बोलली.

बाईंनी तिचा फोन पाहिला. रोज दुपारी दोन वाजता एका नंबरावर चाळीस मिनिटं बोलणं. नाव, 'गॅसवाला'.

"गॅसवाल्याशी रोज एवढं काय बोलता?"

म्हातारीने मान खाली घातली. "तिनेच बजावलं होतं, माझं नाव घालू नकोस म्हणून."

"आणि हे काय? 'तुम्ही कोणतं फूल आहात?'"

"गंमत हो. फोटो बघते त्या ॲपवर आली होती. मी शेवंती निघाले."

"सुरुवातीला काही परवानग्या मागितल्या?"

"मागितल्या की. मी सगळ्यांना हो म्हणते. नाही म्हटलं की पुढेच जात नाही."

बाईंनी स्वतःचा फोन बंद केला. गेल्याच आठवड्यात त्या स्वतः कमळ निघाल्या होत्या.

परत येऊन त्यांनी शिलाईवालीला एकच काम सांगितलं. ज्या ॲपवरून ती चपला आणि औषधं मागवते, त्यावर पत्ता बदलायचा आणि काहीतरी मागवायचं. पत्ता बाई देतील तो. दादाला, आईला, कोणालाही कळता कामा नये.

सहाव्या दिवशी, भर दुपारी, गावाबाहेरच्या एका रिकाम्या घराच्या मागे नवरा पकडला गेला.

संध्याकाळी बाईंनी भावाला आणि बहिणीला समोरासमोर बसवलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती.

"तुमच्या दादाने काही सांगितलं नाही," बाई म्हणाल्या. "त्या रिकाम्या घराचा पत्ता त्याला माहीतच नव्हता. आणि कागदावर जे होतं ते घरच्या माणसाला माहीत असण्यासारखं नव्हतंच. चपलेचं माप, पंप, मागचं दार. हे सगळं माहीत कोणाला? तुम्ही ज्यांच्याकडून सामान मागवता त्यांना."

"दुपारी मुलगी झोपते म्हणून मीच पत्त्याखाली लिहिलं होतं, घंटा वाजवू नका," ती हळूच म्हणाली.

"ते सामानवाल्यांनी पुढे विकलं. इकडे आईने फुलाच्या नादात फोनमधले सगळे नंबर आणि कोणाशी किती बोलते त्याची नोंद देऊन टाकली. तीही विकली गेली. विकत घेणारा एकच होता, त्याने दोन्हीकडची माहिती जोडली आणि यादी करून यंत्रवाल्या कंपनीला दिली. तुमच्या नवऱ्याने कचेरीत बसून सासूचा नंबर घातला. रोज चाळीस मिनिटं बोलणारा गॅसवाला कोण, हे त्याला लगेच कळलं. मग त्या नंबरापुढचा पत्ता वाचायचा, एवढंच. यादी दर सोमवारी नवी होते. तुम्ही पुन्हा पळाल म्हणून निघण्याआधी तो ती बघणार, हा माझा अंदाज होता."

बाईंनी नवऱ्याच्या पिशवीतली यादी टेबलावर ठेवली. वर शीर्षक होतं: 'घर बदललेल्या, लहान मूल असलेल्या, एकट्या बायका.' खाली चारशे बारा नंबर.

शिलाईवालीने आपला नंबर शोधला. मग बराच वेळ बाकीचे बघत राहिली.

"ही त्याच्या एकट्याकडेच होती ना?"

"आतापर्यंत सदतीस जणांनी घेतली आहे. विकणारा म्हणतो, सगळं कायद्यात बसतं." बाईंना स्वतःलाच भीती वाटत होती आणि ती लपवता येत नव्हती.

शिलाईवालीने पहिल्यांदा भावाकडे पाहिलं. "दादा, मी तुझ्यावर नको तो संशय घेतला."

"असू दे."

"काही दिवस आमच्याकडे राहायला येशील?"

"येतो की. उद्या काम उरकून परस्पर येतो."

"उद्या नको," ती म्हणाली आणि तिने त्याची बाही घट्ट धरली. "आत्ताच चल."