कोनच्या टॉवरचं घड्याळ

टेम्पो थेट टॉवरच्या जाळीला नाक लावून थांबला आणि खिडकीतून एक हात बाहेर आला. हातात मोबाईल, मनगटावर सुताचे पांढरे तंतू.

"ओ मॅडम... हा टॉवर तुमचा का?"

माधवीने वळून पाहिलं. डिसेंबरची सकाळ. खाडीवरून आलेलं धुकं अजून गवतावर रेंगाळत होतं, आणि त्या धुक्यात तो हात असा काही रुबाबात हलत होता की तिला हसू आवरेना.

"कंपनीचा आहे. मी सांभाळते."

"मग नीट सांभाळा की! कल्याणहून बोलत निघतो. दुर्गाडीचा पूल ओलांडून कोनात शिरलो की कॉल खलास. इकडून बोलत निघालो तर पुलावर खलास. आणि इथं टॉवरखाली तासभर बोला... एकदम ठणठणीत!"

"हँडसेट जुना असेल तुमचा."

"असेल. पण ते पुलाला कसं कळतं?"

तिने पिवळी सेफ्टी टोपी सावरली आणि केबिनचं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर! बॉनेटवर तीन मोबाईल ओळीने मांडून. "हा माझा, हा चुलतभाऊ कुणालचा, आणि हा निजामपुऱ्याच्या शेठचा. तिन्ही पुलावरच मेले. साक्षीदार पुरेत, का अजून आणू?"

त्याचं नाव भूपेश. अकलोलीचा, शेतकऱ्याघरचा. निजामपुऱ्यातल्या लूमवरचे कापडाचे तागे रोज टेम्पोने कल्याणला पोचवायचा. आणि माधवी? ती तर कोनचीच. डिप्लोमा करून मोबाईल कंपनीत लागलेली, आणि भिवंडी ऑफिसमधली फिल्डवर जाणारी एकमेव मुलगी. बाकीच्या पंख्याखाली बसून फोन उचलायच्या. ही हत्यारांची बॅग खांद्याला लावून अकरा टॉवर फिरायची. त्यातला एक तिच्या स्वतःच्या गावात. तिची आई रंगूबाई मासळी बाजारात तराजू खाली ठेवून सांगायची, "कोनचा टॉवर माजे माधवीचे हातान हाय."

तर तक्रार तपासायलाच हवी होती. तपासायची म्हणजे एकाने गाडीतून, दुसऱ्याने केबिनमधून बोलत राहायचं... कॉल कुठे तुटतो ते बघायचं.

"काय बोलू?" कानात वायर अडकवून कल्याणहून निघताना भूपेशने विचारलं.

"काहीही. फक्त थांबू नका."

तो थांबलाच नाही. अकलोलीच्या गरम कुंडांचं सांगितलं, तिथे हिवाळ्यात अंघोळीला बंब लागत नाही म्हणाला. साबण लावून कुंडात उतरलं तर कुंडांची राखण करणारी आक्का काठी घेऊन कशी मागे लागते, तेही सांगितलं. मग आवाज जरा उतरला.

"एक विचारू? त्या पिवळ्या टोपीखाली अबोली माळता तुम्ही. कुणाला दिसते?"

"तुम्हाला दिसली ना?"

"हो, पण..."

कॉल तुटला. माधवी एकटीच केबिनमध्ये गालांवर आलेली ऊब पुसत राहिली.

पाच दिवस हेच. अँटेना पाहिला, केबल पाहिली. सगळं ठीक. सहाव्या दिवशी भूपेश सहज म्हणाला, "बावीस नोव्हेंबरला पहिल्यांदा तुटला. बहिणीचा साखरपुडा होता ना, दिपालीचा. जेवणवाल्याला 'पन्नास नाही, दीडशे' सांगत होतो. त्याने पन्नासच ऐकलं! पाहुणे अजून टोमणे मारतात."

माधवीचा हात जागीच थांबला. तिने भिंतीवरचं रजिस्टर काढलं. एकवीस नोव्हेंबर. खाली तिचीच सही.

भूपेश टेम्पो लावून जाळीपाशी आला तेव्हा ती पायरीवर बसली होती. टोपी मांडीवर.

"काय झालं? चेहरा का असा?"

"केबिनमधल्या पेटीत एक घड्याळ असतं," ती हळूच म्हणाली. "वेळ दाखवणारं नाही... ताल धरणारं. सेकंदाला एक कोटी तीस लाख ठोके. तुमचा फोन त्याच ठोक्यांवर चालतो. पुलावर कल्याणचा टॉवर सोडून इथला धरायचा, तर दोन्ही टॉवरचे ठोके जुळायला हवेत."

"आणि नाही जुळले तर?"

"लूमवर आडवा धागा घेऊन धोटा सुटला आणि उभ्या धाग्यांचं तोंड उघडंच नसलं, तर?"

"धोटा अडकतो. धागे तुटतात."

"तसा कॉल तुटतो. टॉवरखाली उभे राहिलात तर फोन त्याच चुकीच्या तालावर खुशाल चालतो. म्हणून तिथे ठणठणीत."

"मग बिघडवलं कुणी?"

"मी."

तिने सगळं सांगितलं. घड्याळ लावायला एक मोजणीयंत्र लागतं. ते सुरू करून तासभर तापू द्यायचं, तोवर त्याचे आकडे खरे नसतात. त्या दिवशी यंत्र तापत आलं, आणि लोडशेडिंग! वीज परत आली तेव्हा जाळीबाहेर आई अर्ध्या गावातल्या बायका घेऊन उभी होती, लेकीचं काम दाखवायला. माधवीने दहाच मिनिटं यंत्र तापवलं, घड्याळ लावलं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, साठ मिनिटं.

"दहाला साठ लिहिलं मी, भूपेश. फिल्डवरून काढतील मला."

तो जाळीच्या तारेला नख लावत राहिला. मग म्हणाला, "मी तक्रार देतच नाही ना. तुम्ही गुपचूप परत लावा. कुणाला कळणार?"

ती ताडकन उभी राहिली. "तेव्हा गाव बघत होतं म्हणून घाई केली. आता कुणी बघत नाही म्हणून लपवू? तक्रार दिली नाहीत ना, तर माझ्याशी बोलायचं नाही!"

"अहो, पण तुमचं नाव येईल त्यात!"

"येऊ दे. कागद काढा. मी सांगते, तुम्ही लिहा."

आणि टेम्पोच्या बॉनेटवर कागद ठेवून भूपेशने आयुष्यातली सगळ्यात अवघड चिठ्ठी लिहिली.

"...घड्याळ चुकीचं लावलं गेलं आहे..."

"'कदाचित' घालू का आधी?"

"कदाचित कशाला?"

"'घाईगर्दीत' तरी?"

"नाही."

"'अन्यथा अतिशय हुशार अशा' माधवी मॅडमनी... एवढं तरी लिहू द्या हो!"

ती हसली, आणि हसता हसता डोळे भरून आले. त्याने एक शब्दही मऊ केला नाही. खाली सही केली, तारीख घातली, आणि पेन तिच्याकडे देताना म्हणाला, "लोक प्रेमाची चिठ्ठी लिहितात. माझं नशीब बघा."

दोघांच्याही कानांवर ते पडलं... आणि दोघांनीही ऐकलं नाही असं दाखवलं.

हिरामण सर, तिचे साहेब, यांनी दुसऱ्या दिवशी तक्रार वाचली. शेजारी माधवीचा कबुलीजबाब. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"खोटी नोंद. वर कळवावं लागेल."

"हो सर."

"उद्या तूच परत लावायचं. मी बाजूला बसेन, तोंड उघडणार नाही. त्यानंतर पुलावर एक जरी कॉल तुटला, तर फिल्ड बंद. नाही तुटला, तर अकरा टॉवर तुझेच." मग खुर्ची मागे सरकवत म्हणाले, "इतकी वर्षं या खुर्चीत आहे. आपली चूक स्वतःच्या अक्षरात कुणी आणून दिली नव्हती."

सकाळी यंत्र सुरू झालं. सरांनी सोबत जनरेटर आणला होता. जाळीबाहेर रंगूबाई पुन्हा हजर, मागे बायकांचा घोळका.

"झालं का गो, बाय?"

"नाही आये. तासभर लागतो. मागच्या वेळी मी थांबले नव्हते, चुकले होते. आज थांबणार."

सगळ्यांसमोर म्हणाली. बायकांत कुजबुज उठली. रंगूबाईने लेकीकडे नीट पाहिलं, पदर खोचला आणि तिथेच दगडावर बसकण मारली. "यंत्राला पन तापाला लागतं काय गो? तापू दे. आमी बसतंव."

साठ मिनिटं झाली. ठोके तीन-तीनदा मोजून माधवीने घड्याळ लावलं. मग कल्याणला फोन. सरांनी मोबाईलचा स्पीकर लावला.

"निघालो," भूपेशचा आवाज.

"सगळे ऐकतायत हां. सर, आई, सगळं गाव."

"...अरे देवा."

आणि पाच दिवस अखंड बोलणारा माणूस गप्प झाला.

"बोलत राहा," सर ओरडले. "टेस्ट चालू आहे!"

"हो... आज थंडी आहे. ताग्यांचे बारा गठ्ठे पोचवले. आणि... पूल आला."

पुढे नुसती टेम्पोची घरघर. माधवीने टोपी काढली. केसांत अबोली होती. फोन ओठांजवळ घेतला.

"तू राहू दे. मी बोलते. भूपेश, माझ्याविरुद्ध तू एक शब्द मऊ न करता लिहिलंस. मी सांगितलं म्हणून लिहिलंस, आणि त्या एका 'कदाचित'साठी किती भांडलास, ते मी पाहिलंय. असा माणूस मला जन्मभर हवाय. तुला चालेल?"

पलीकडे घरघरही थांबलेली.

"तुटला..." कुणीतरी पुटपुटलं.

हिरामण सरांनी स्क्रीनवर पाहिलं. सेकंद पुढे सरकत होते. "नाही तुटला," ते म्हणाले. "पूल ओलांडून आपल्या टॉवरवर आलाय. गाडी थांबवून बसलाय वेडा."

मग फोनमधून घसा खाकरल्याचा आवाज. "आये आहेत का तिथं? त्यांना विचारा... घरी कधी येऊ?"

माधवी काही म्हणायच्या आत रंगूबाई जाळीच्या आत आली होती. तिने लेकीच्या हातातून फोन घेतला आणि पुलापर्यंत फोनशिवायही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली,

"आताच ये. मी च्या ठेवतंय!"