एका हाकेला दोघींची ओ

दवाखान्याची खाट परत करायची होती, एवढेच त्या दुपारचे काम. हमाल येण्यापूर्वी खाटेला बांधलेली तार सोडवावी, म्हणून मी पत्नीच्या खोलीत गेलो. दिवा जरा पलीकडे सरकवा. पुढचे सांगताना माझा चेहरा दिसू नये, अशी इच्छा आहे.

ती तार माझीच करामत. पुस्तके वाचून मी तापमान मोजणाऱ्या दोन चिप जोडल्या होत्या: एक पत्नीच्या काखेतील पट्ट्यात, दुसरी आकडे दाखवणाऱ्या पडद्याच्या पेटीत, पेटी फार तापली तर कळावे म्हणून. दोघी एकाच तारेवर. अशा प्रत्येक चिपला तीन पाय असे असतात, की त्यांच्या जोडणीवरून तिचा पत्ता ठरतो. ज्या पत्त्याला हाक मारावी, त्या पत्त्याची चिप ओ देते.

"दिवसभर त्या पेटीपाशी! सवतच आणलीत म्हणा ना," असे पत्नी म्हणे. आजारपणातही तिची जीभ शाबूत होती. शेवटी मात्र ती इतकेच म्हणाली, "अहो, अंग भाजतंय माझं. जरा हात लावून बघा ना."

मी पडद्याकडे पाहिले. "छत्तीस सेल्सिअस. ताप नाहीच, तुला भास होतो आहे."

हात लावला नाही.

माझी लेक यंत्रदुरुस्तीचे काम करते. तार गुंडाळता गुंडाळता ती थबकली.

"बाबा... या दोघींचे पाय सारखेच जोडलेत तुम्ही."

"अशक्य. मी पुस्तकाबरहुकूम..."

"पत्ता एकच झालाय, बाबा. एका हाकेला दोघी ओ देतात. आणि या तारेवर प्रत्येक आकडा शून्य आणि एक होऊन धावतो; दोन्ही एकदम आले, की शून्यच जिंकतं."

पेटीवरच्या धुळीत तिने बोटाने शून्ये आणि एक मांडले. पेटी तापते तशी चव्वेचाळीस, आईचा ताप धरला एकोणचाळीस. दोन्ही एकात एक मिसळून छत्तीस. तिने बोट पुसले. माझ्याकडे पाहिले नाही. तिने पाहिले असते तर बरे झाले असते.

मी पट्ट्यातील चिप उपटून तिच्या तळहातावर ठेवली. पेटी अजून चालूच होती; आता तारेवर ती एकटी. पडद्यावर चव्वेचाळीस यायला हवे होते.

छत्तीसच आले.

लेकीने पेटीत साधे थर्मामीटर घातले. चव्वेचाळीस. तिने पुन्हा हाक पाठवली. पुन्हा छत्तीस. बंद खोलीत औषधाचा आणि घामेजल्या चादरीचा वास दाटू लागला. चादर तर केव्हाच धुऊन झाली होती.

"आणखी कुणीतरी ओ देतंय..." ती पुटपुटली.

तेवढ्यात आकडा हलला. चाळीस.

"बाबा, चढतोय... आता तरी हात लावा ना."

रिकाम्या उशीवर, जिथे कपाळ असे, तिथे मी तळहात टेकला. तो भाजला.

हमालाला मी दारातूनच परत पाठवले. खाट अजून आतल्या खोलीत आहे. कपाळाच्या जागी मी ओली पट्टी ठेवतो. ती बघता बघता वाळते, मी पुन्हा भिजवतो. "हवाच कोरडी आहे, बाबा," असे लेक म्हणते. असेलही. म्हणून त्याच उशीच्या दुसऱ्या टोकाला, त्याच पाण्यात बुडवलेली आणखी एक पट्टी मी आज सकाळी ठेवली.

ती अजून ओलीच आहे.