जावईबापूंचं कारंजं

“हसायला काय झालं?”

तिनं हे इतक्या जोरात विचारलं, की टाकीतले नारिंगी मासेसुद्धा बिचकून एका कोपऱ्यात गोळा झाले. काउंटरमागचा तो मात्र तसाच हसत उभा! बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हात ओले, आणि गालावर भली मोठी खळी. समोरची बाई संतापलेली असताना खळी पाडू नये, एवढंही कळत नाही म्हणजे काय!

“तसं नाही... माशांच्या दुकानात येऊन मांजरासाठी पंप मागणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय,” तो म्हणाला. “माझे मासे घाबरले ना.”

“तुमचे मासे मला नकोत. लहानातला लहान पंप द्या. घरात मांजरासाठी कारंजं करायचंय.”

“कारंजं! आणि भोवती बाग?”

आता सांगा, पारा चढणार नाही तर काय होईल? ही दिवसभर शिलाई मशीनवर मान मोडून बसणारी, हौसमौज करायला वेळ होता कुणाकडे? गेल्या आठवड्यात तिच्या बोक्याची लघवी अडकली होती. कण्हणारं ते पोर पदराखाली घेऊन ती दवाखान्यात बसून होती. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, “या वेळी वाचला. पोटात भरपूर पाणी गेलं नाही, तर पुढच्या वेळी माझ्याही हातात काही राहणार नाही.” आणि बोका असला नखरेल, की वाडग्यातल्या पाण्याला तोंड लावेल तर शपथ! पाणी वाहतं असेल तरच प्यायचं. सगळं मनासारखं आणि हातात आणून द्यावं लागतं म्हणून आईनं त्याचं नावच ठेवलं होतं – जावईबापू.

हे सगळं तिनं एका दमात ऐकवलं. तो हसायचा थांबला. त्यानं एक छोटासा पंप काढला, बादलीत बुडवून चालवून दाखवला.

“पाण्याबाहेर चालवू नका, जळेल,” तो हळूच म्हणाला. “आणि... चुकलं माझं. जावईबापूंना नमस्कार सांगा.”

पुन्हा ती खळी! ती पाय आपटत बाहेर पडली.

कारंजं मात्र झकास झालं. चिनीमातीचं पसरट भांडं, त्यात पालथी घातलेली मातीची कोरी कुंडी, कुंडीखाली पंप, आणि कुंडीच्या भोकातून वर काढलेली नळी. बटण दाबलं, की पाणी वर यायचं आणि कुंडीच्या अंगावरून झुळुझुळु खाली उतरायचं. जावईबापूंनी आधी संशयानं हुंगलं, एक पंजा बुडवून झटकला, आणि मग लपालपा प्यायलेच! मायलेकींनी श्वास रोखून बघितलं. पण चार दिवस झाले नाहीत तोच पंपानं घरघर केली आणि मान टाकली.

ती थेट दुकानात. “खराब माल गळ्यात मारता?”

“बघू द्या तरी,” तो म्हणाला, आणि दुकान बहिणीवर सोपवून चक्क तिच्याबरोबर निघाला.

घरी येऊन त्यानं पंप उघडला. आतल्या चक्रीला लाल दोरा गच्च गुंडाळला होता. शिवणाच्या खोलीत, मशीनच्या पायाशी कारंजं ठेवलेलं! दोरे, तंतू, कापडाचा भुगा... सगळं पाण्यात. ती ओशाळली. पण वरवर म्हणाली, “मग आधी सांगायचं!”

“तुम्ही कपडे शिवता हे मला काय स्वप्नात दिसणार होतं?... तशी स्वप्नात दिसायला हरकत नाही म्हणा.”

आईला स्वयंपाकघरात एकदम ठसका लागला.

कारंजं खिडकीपाशी हललं. त्यानं भांड्यात हौसेनं रंगीत गोटे टाकले. जावईबापूंनी पंजानं एकेक काढून जमिनीवर फेकले. “त्याला पाणी प्यायचंय हो, पोहायचं नाही!” म्हणत ती हसली, आणि तो गोटे वेचायचे सोडून तिच्याकडे बघतच राहिला.

मग घसा खाकरून म्हणाला, “दर आठवड्याला उघडून साफ करावा लागेल. पण तुम्ही हात लावू नका हं... नाजूक काम आहे. चक्रीचं पातं मोडलं तर संपलंच. मंगळवारी दुकान बंद असतं. मी येत जाईन.”

आणि तो येत गेला. पंप साफ व्हायला वेळ लागेना, चहा प्यायला मात्र लागायचा. तिच्याकडे येणारं अख्खं जग तिला ताई म्हणायचं. हा ‘अहो’, ‘हे बघा’ करत वेळ मारून न्यायचा, पण ताई म्हणायचा नाही. आईच्या हे कधीच लक्षात आलं होतं. हिच्याही आलं होतं, पण हिला ते कबूल करायचं नव्हतं. मंगळवारी जरा बरे कपडे घालायची, एवढंच.

एका मंगळवारी तो आलाच नाही. निरोप नाही, फोन नाही. हिनं केला, तर उचलला नाही. संध्याकाळी पंपानं घरघर केली आणि पाणी थांबलं. उघडायची हिंमत होईना – पातं मोडलं तर? जावईबापू कोरड्या कुंडीपाशी बसून ओरडत राहिले. वाडगा ठेवला, ढुंकून पाहिलं नाही. नळ सोडून ठेवला, तर आधीच रुसलेली स्वारी कपाटाखाली. हिचा जीव टांगणीला. सकाळी पंप पिशवीत घालून ती दुकानात धावली.

दुकानात त्याची बहीण होती. तिनं पंप घेतला, अंगठ्यानं झाकण दाबलं – टक्! – चक्री काढली, तंतू उपटला, चक्री परत बसवली.

“झालं. हे तर आम्ही पंप विकतानाच शिकवतो सगळ्यांना. दादानं नाही शिकवलं?”

मागून कुणीतरी खाकरलं. टाक्यांच्या आड तो बसला होता. घोट्याला बँडेज, पाय स्टुलावर.

“काल टाकी उचलताना पाय मुरगळला...”

“नाजूक काम, नाही का?” ती म्हणाली. “फोन का नाही केलात?”

त्यानं मान खाली घातली. “हातात घेतला होता. पण पंप कसा साफ करायचा ते फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही क्षणात केलं असतं. मग खोटं उघडं पडलं असतं.”

“म्हणून उचललाही नाहीत?”

“म्हणूनच.”

“माझा बोका कालपासून तहानलेला आहे! मरता मरता वाचलेला जीव आहे तो, ठाऊक होतं ना तुम्हाला? प्रेम करावं माणसानं, खुशाल करावं, पण दुसऱ्याच्या जिवाशी खेळ करून?”

प्रेम! शब्द तोंडातून निसटला तो निसटलाच. बहीण माशांना खाणं घालायला म्हणून आत पळाली.

“प्रेमच आहे,” तो म्हणाला. “पण खेळ झाला खरा. चुकलो.”

ती पंप उचलून निघाली.

घरी तिनं पंप स्वतः बसवला. पाणी झुळझुळलं. बऱ्याच वेळानं जावईबापू कपाटाखालून निघाले, आणि प्यायले... कितीतरी वेळ प्यायले. तिला रडूच फुटलं. मग पुढचे दिवस ती नुसती धुसफुसत राहिली. आईनं काही विचारलं तरी फणकारा, गिऱ्हाइकानं घाई केली तरी फणकारा. भांडावं तर तो समोर नाही, आणि समोर नाही याचाच जास्त राग!

तो आला तो भलत्याच दिवशी. काठी टेकत, तीन जिने चढून, घामाघूम.

“पंप मी साफ केलाय,” ती दारातूनच म्हणाली. “येतो मला आता. काय काम आहे?”

“काही काम नाही.”

“मग?”

“काम काढून येणं बंद केलंय. यावंसं वाटलं म्हणून आलो. नको असेल तर जातो... उतरायला वेळ लागेल, तेवढं सांभाळून घ्या.”

तिनं त्या सुजलेल्या पायाकडे पाहिलं. दार धाडकन लावावंसं वाटत होतं, आणि हात दारावरून निघत नव्हता.

“असल्या पायानं जिने चढतात? अक्कल आहे का काही?”

“नाही.”

“मलाही नाही. नाहीतर आवडला असतात का तुम्ही मला?” तिचा चेहरा लालबुंद झाला, पण ती थांबली नाही. “पण राग गेलेला नाही, सांगून ठेवते. मुळीच गेलेला नाही!”

“किती दिवस राहील?”

“ते आत बसून विचारा,” ती म्हणाली, आणि मशीनपुढची आपली खुर्ची त्याच्यासाठी ओढली.