थोरल्याचा वाटा

पुतणी सोनालीच्या हळदीचं आवतण नसताना हिरामण धाकट्या भावाच्या, संतोषच्या दारात येऊन उभा राहिला, आणि मांडवातल्या बायकांचं गाणं थांबलं.

वाटे थोरल्याने पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचे, ही त्यांच्या घराची रीत. पण वाटणीच्या दिवशी हिरामणचं काळीज मायेने ओथंबलं होतं… संतोषला निवडू न देताच तो म्हणाला होता, "नदीकडची भातखाचरं तू घे. तुझी पोर ल्हान हाय. मला टेशनाकडचा माळ बास." गवतापलीकडे काही न देणारा तो दगडधोंड्यांचा माळ! पुढे मुंबईत घर न परवडणारी माणसं त्यांच्या शेलू गावापर्यंत आली, माळावर इमारती उठल्या, इंग्रजी शाळा आली, दवाखाना आला, आणि दगडाचं सोनं झालं. खाचरं मात्र पूररेषेत अडकली. तिथे ना बांधकाम, ना गिऱ्हाईक. मग ज्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं, तोच भाऊ गावभर सांगत सुटला, की माळाला भाव येणार याची दादाला आधीच कुणकुण होती. आईच्या दहाव्यालाही दोघे एकमेकांकडे पाठ करून बसले होते.

"माळावरच्या इमारतीतलं एक घर सोनालीच्या नावावर करतो," हिरामण म्हणाला.

"नको."

"मला खरंच ठाऊक नव्हतं रं…" हिरामण एक पाऊल पुढे आला. "रीतीपरमाणं तुला उचलू दिलं असतं, तर आज तो माळ तुझा असता."

संतोषने मान खाली घातली.

"नसता, दादा. तू बोलायच्या आधीच माझा डोळा खाचरांवर हुता. दगड तुझ्या पदरात टाकायला मी तयारच हुतो… तू आपणहून घेतलंस, तवा मला बरं वाटलं. मग माळाला भाव आला आणि हाव माझीच हुती, हे कुनाला सांगू? तुझ्यावर ढकललं. गावाला पटलं. मागं फिरायला तोंड ऱ्हायलं नाय."

तो हिरामणच्या पायांवर कोसळला. इतकी वर्षं 'मीच याला बुडवलं' म्हणून स्वतःला कोसणाऱ्या हिरामणने भावाला उठवून छातीशी धरलं. राग यावा इतकंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

"आय असताना बोलला असतास, रं," तो हळूच म्हणाला. "ती शेवटपातूर मला इचारत हुती, ल्हान भावाला का फसवलंस म्हणून."