चौथ्या सेलवरची रेघ

"मशीन बंद पडलंय, प्राजक्ता," कुमुदकाकू फोनवर म्हणाल्या. "आणि ह्यांचे ओठ निळे झालेत."

प्राजक्ता ह्या गिऱ्हाइकाच्या नवीन पनवेलमधल्या फ्लॅटवर पोचली तोवर गुरुदत्तकाकांना ॲम्ब्युलन्सने नेलं होतं. काकांची फुप्फुसं थकलेली. ऑक्सिजन मशीनची नळी नाकाला नसेल तर त्यांचा जीव घाबरा होई. लाइट गेली तरी मशीन चालावं म्हणून गॅलरीत बॅटरी होती, आणि ती प्राजक्ताने स्वतःच्या हाताने बांधली होती. ती अर्धा दिवस सहज टिकायला हवी होती. त्या दिवशी लाइट गेली आणि काही मिनिटांतच बॅटरीने मान टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपनिरीक्षक ललिता भोईर यांनी तिला फ्लॅटवर बोलावलं. काका अजून बेशुद्ध होते. काका गेले तर ते आपल्या हातून गेले, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

निघताना नवरा, सुरज, म्हणाला होता, "बॅटरीच्या पेटीला हात लावू नको. चूक सगल्यांकडून होते." ओव्यातलं बॅटरीचं वर्कशॉप दोघांचं. गेल्याच आठवड्यात करंजा बंदरातल्या एका बोटीची बॅटरी त्याने पोचती केली होती. तिचा एक सेल फुगलेला निघाला होता, तरी पठ्ठ्याने कुठून तरी दुसरा मिळवून दिलेला शब्द पाळला होता. चूक तिचीच हे त्याने मात्र न बघताच गृहीत धरलं, याचं तिला वाईट वाटलं होतं.

"स्वस्तातले सेल घातले होते?" ललिताबाईंनी आडपडदा न ठेवता विचारलं.

"नाही मॅडम. लिथियम आयर्न फॉस्फेटचे चार नवे सेल. एकेक पूर्ण भरून, पूर्ण उतरवून तपासलेला. चारही सेलची ताकद सारखीच लागते."

"एखादा कच्चा निघाला तर?"

"तो आधी रिकामा होतो. तो बिघडू नये म्हणून आतलं सर्किट सगळी बॅटरीच बंद करतं. बाकीचे तीन भरलेले असले तरी."

"म्हणजे तुमचा एक कच्चा निघाला."

प्राजक्ताने गॅलरीतली पेटी उघडली. आत चार निळे डबे शेजारी शेजारी आवळून बसवलेले, चहूबाजूंनी बंद. तिने मीटर लावला. तीन सेल भरलेले. चौथा रिकामा, आणि त्याचं पोट किंचित फुगलेलं.

प्रत्येक बोल्टवरून खालच्या पट्टीपर्यंत लाल नेलपॉलिशची रेघ होती. ही तिची पद्धत. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते. चौथ्या सेलवरची रेघ अखंड होती. तिने घामेजलेलं बोट त्या रेघेवरून फिरवलं, तर बोट लाल झालं.

तेवढ्यात काकू गॅलरीच्या दारात आल्या. मोतिबिंदूच्या ऑपरेशनमुळे डोळ्यांवर काळा चष्मा.

"मागच्या आठवड्यात तर तुझा माणूस येऊन बॅटरीत पाणी घालून गेला होता गं," त्या म्हणाल्या.

प्राजक्ताने मीटर खाली ठेवला. "कोणता माणूस, काकू?"

"नाव नाही सांगितलं. प्राजक्ताने पाठवलंय म्हणाला. जुन्या इन्व्हर्टरला पाणी लागायचंच की, म्हणून मी येऊ दिलं."

"ह्या बॅटरीला पाणी लागत नाही. घालायला जागाच नाही. त्याने काही मागितलं का?"

"कुंकू. यंत्राचं काम झालं की टिळा लावायची पद्धत आहे म्हणाला. मला बाई बरं वाटलं, हल्लीची मुलं कुठे एवढं मानतात?"

"चेहरा पाहिलात?" ललिताबाईंनी विचारलं.

"मला समोरचं धूसरच दिसतं. पण आवाज ओळखेन."

ललिताबाईंचा फोन वाजला, त्या बोलत आत गेल्या. काकूही गेल्या.

प्राजक्ता एकटी उरली. आता ती खरी घाबरली, कारण तिला कळून चुकलं होतं. हातात पेटी पुसायचं ओलं फडकं होतं. एकदा पुसलं की रेघ गेली असती. मग ठपका तिच्यावर आला असता, पण घर शाबूत राहिलं असतं. फडकं धरलेला हात रेघेजवळ गेला आणि तिथेच थांबला.

तिने फडकं खाली ठेवलं आणि सुरजला फोन लावला. "ये. पेटी उचलायची आहे."

तो आला. दारातच म्हणाला, "कुठं हाय पेटी?"

काकूंनी हातातला कप टेबलावर ठेवला. "अगंबाई, हाच तो. पाणी घालणारा."

"तो मी नाय," सुरज म्हणाला. "मी इथं आलोच नाय कधी."

"आलास," प्राजक्ता म्हणाली. "मॅडम, हा चौथा सेल माझा नाही. टोकावर जुन्या वेल्डिंगचे डाग घासून काढलेत, म्हणजे वापरलेला आहे. चोराने सेल बदलून पळ काढला असता. तुटलेली रेघ पुन्हा कशाला ओढली असती? रेघ तपासली जाते हे ज्याला ठाऊक होतं त्यानेच ती ओढली. ते ठाऊक असलेली माणसं दोनच, मी आणि हा. नेलपॉलिशची बाटली माझ्या पर्समध्ये असते, म्हणून ह्याने काकूंकडून कुंकू मागितलं आणि त्याचीच रेघ ओढली. माझा चांगला सेल करंजाच्या बोटीत आहे."

सुरज खुर्चीवर बसला.

"नवा सेल येनार होता," तो म्हणाला. "आला की आनून लावनार होतो. हल्ली लाइट जाते कुठं? मला काय म्हाईत असं होईल?"

"तुला माहीत होतं की एक कच्चा सेल सगळी बॅटरी बंद करतो," प्राजक्ता म्हणाली. "ते मला तूच शिकवलंस."

काकू रडत होत्या. सुरजने बायकोकडे पाहिलं, तिच्यावरचा राग त्याला लपवता येत नव्हता. "घरातली गोष्ट घरात ठेवायची होतीस."

"हेही कुणाचं तरी घरच आहे, सुरज."

ललिताबाईंनी पेन काढलं. "आरोपीचं नाव?"

प्राजक्ताने नवऱ्याचं पूर्ण नाव सांगितलं.

"पत्ता?"

"ओवे गाव," ती म्हणाली आणि आपल्याच घराचा पत्ता सांगू लागली.