ताईची फ्रेम

चष्मेवाल्याने स्वतःच्याच बायकोच्या चष्म्यावर बसावं, याला दिव्याखाली अंधार म्हणायचं नाही तर काय? बस डोंगर उतरून किनाऱ्याच्या रस्त्याला लागली, समुद्र पाहायला सगळे प्रवासी एका बाजूला झुकले, हाही उठून झुकला आणि परत बसला तो थेट चष्म्यावर. फ्रेमचे दोन तुकडे झाले. भिंगं तेवढी शाबूत राहिली.

"आता काय, समुद्राचा नुसता वास घेऊन परत येऊ?" बायको म्हणाली. तिचा मायनसचा नंबर इतका जबर, की चष्म्याशिवाय समोर बसलेला नवराही तिला अंदाजानेच ओळखावा लागे. चष्मा सापडेनासा झाला की ती दोन्ही हात पुढे धरून, पायाने जमीन चाचपत घरभर फिरे, आणि तो हसे.

हत्यारांची पेटी तो सहलीलाही सोबत नेत असे. पहिल्या गावात पोचल्यावर लॉजच्या खिडकीशी त्याने ती उघडली. तळाशी एक सोनेरी फ्रेम पडून होती, त्याच्या थोरल्या मेहुणीची. काही वर्षांपूर्वी तिने ती दुरुस्तीला टाकली होती. "तोवर जुन्यावर भागवते, चष्मेराव," असं म्हणून ती याच किनाऱ्याला एकटीच फिरायला आली होती. नंतर वाळूवर तिची पिशवी सापडली. ती सापडली नाही.

वस्तू पडून राहिलेली त्याला बघवत नसे. बायकोच्या भिंगांच्या कडा त्याने कानशीने हळूहळू घासल्या आणि भिंगं त्या फ्रेममध्ये बसवली.

"ही ताईची ना?" बायको फ्रेमवरून बोट फिरवत म्हणाली.

"हो. घरी जाईपर्यंत चालवून घे."

धाकटीला दूरचं दिसत नसे, थोरलीला जवळचं. सासूबाई म्हणत, देवाने दोघींत मिळून एकच नजर दिलीय. निघताना त्यांनी जावयाचा हात घट्ट धरला होता. "ताई गेली ते ठिकाण तिला बघायचंय. बघू दे. पण एक समुद्राने नेली, दुसरी मला जशीच्या तशी आणून द्या." त्याने शब्द दिला होता.

पहिल्याच संध्याकाळी बायको कठड्याला रेलून म्हणाली, "अहो, ती बाई किती लांब गेलीय पोहत."

"कुठे?"

"ती पिवळी पिंपं तरंगतायत ना, त्यांच्याही पलीकडे. पोहत नाहीये पण. उभी आहे."

तिथे पाणी खोल होतं. त्याने डोळे ताणले. पिंपं हलत होती, बाकी काही नव्हतं. भिंगावर ओरखडा असेल म्हणून त्याने चष्मा उजेडात धरून पाहिला, पुसला, परत दिला.

दुसऱ्या गावात रंगीत घरांची ओळ पाण्यापर्यंत उतरली होती आणि नांगरलेल्या होड्या एकमेकींवर आपटत होत्या. "होड्यांच्या मध्ये आहे आज," बायको म्हणाली. तिसऱ्या गावात दीपगृह होतं, वारा होता, आणि ती बाई लाटा फुटतात तिथवर आली होती. बायकोने हे सांगितलं ते खुशालीचा निरोप सांगावा तसं. तिला भीती वाटत नव्हती, आणि त्याला नेमकी त्याचीच भीती वाटली. चेहरा दिसतो का, हे त्याने विचारलं नाही.

"उद्याचं गाव झालं की परत फिरायचं," तो म्हणाला. "पुढे सगळीकडे पाणीच आहे."

"हो," ती म्हणाली. "उद्या पुरे."

चौथं गाव कड्याखाली होतं. पांढऱ्या पायऱ्या उतरल्या की वाळू, वाळूवर वाळत घातलेली जाळी, दोरखंड, उलट्या ठेवलेल्या होड्या. भर दुपारचं लख्ख ऊन होतं. पिशव्या वर बसथांब्याच्या बाकाखाली ठेवून दोघं खाली आली.

"आज दिसते का?"

"दिसते ना." ती चष्म्यातून पाहत होती, समुद्राकडे नव्हे, आपल्या अगदी समोर. "पण फार जवळ आलीय. जवळचं धूसर दिसतं हो."

हे वाक्य तो दुकानात रोज ऐकत असे. मायनस नंबरच्या गिऱ्हाइकाच्या तोंडून मात्र कधी ऐकलं नव्हतं.

"चल वर. बस येईल."

"एवढे पाय ओले करून येते. धरा."

तिने चष्मा काढून त्याच्या हातात दिला. हा त्याचाच नियम. खाऱ्या पाण्याने भिंगं खराब होतात, तेव्हा पाण्यात जाताना चष्मा काढायचा. एरवी तो तिचा दंड धरून सोबत जाई. आज भिंगावर बोटांचे ठसे दिसले आणि सवयीने हात खिशातल्या फडक्याकडे गेला.

त्याने एक भिंग पुसलं. दुसरं पुसलं. मान वर केली.

ती परत येत होती.

हात मोकळे होते. दोरखंड आला, तिने तो ओलांडला. जाळं आलं, त्याला वळसा घातला. एकदाही चाचपडली नाही.

"चष्मा घाल," तो म्हणाला.

"राहू दे. लख्ख दिसतंय."

पायऱ्या ती त्याच्या पुढे चढली.

बसमध्ये तिने खिडकीची जागा त्याला दिली. कुणीतरी टाकून गेलेलं वर्तमानपत्र उचललं, डोळ्यांपाशी नेलं, मग लांब, आणखी लांब, हात पुरेल तेवढं लांब धरलं. तेव्हा कुठे तिचे ओठ अक्षरांबरोबर हलू लागले.

त्याला हाक मारायची होती. कुठल्या नावाने मारावी ते कळेना.

"आईला बरं वाटेल," ती वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाली, "नाही का, चष्मेराव?"

बस शेवटच्या वळणावर आली. खाली सगळा समुद्र उघडा पडला.

लाटांच्या पलीकडे पाण्यात कुणीतरी होतं. दोन्ही हात पुढे धरून, पायाने चाचपत चालत होतं. किनारा कुठल्या बाजूला आहे हे दिसत नसावं. ते आत आत चाललं होतं.

पुसलेला चष्मा त्याच्या हातातच होता.